खांद्यांना चिमटे

अठ्ठाविसाव्या मजल्यावर राहायचं, तर बाल्कनीत कपडे वाळत घालायचे नाहीत. खाली शोरूम, समोर पाणी. बिल्डिंगची शोभा जाते म्हणे. सासूबाईंच्या हे काही केल्या गळी उतरेना. रोज दोरी बांधायच्या आणि वर सुनेलाच शिकवायच्या, "खांद्यांना चिमटे लाव गं, म्हणजे उडत नाहीत."

सुनेने त्यांची वृद्धाश्रमात रवानगी केली. निघताना त्यांनी चिमट्यांचा डबा मागितला. तो तिने त्यांच्या डोळ्यांदेखत कचऱ्यात टाकला. महिन्याभरात म्हातारी वारली.

तेव्हापासून पाण्यापलीकडच्या टॉवरच्या काचेत सुनेला आपली बाल्कनी दिसे आणि तिथे दोरीवर सासूबाईंचा ओला गाऊन. वळून पाहावं, तर ना दोरी, ना गाऊन.

आज भरदुपारी ती बाल्कनीत उभी असताना बिल्डिंगच्या मॅनेजरचा फोन आला.

"मॅडम, परत कपडे? पार बोटींवरून दिसतंय."

"काहीतरीच काय! बाल्कनी रिकामी आहे."

"मग तो पिवळा ड्रेस कुणाचा?"

तिने काचेत पाहिलं. गाऊन नव्हता. ती स्वतःही नव्हती. दोरीवर पिवळा ड्रेस तेवढा झुलत होता, आणि तिच्या अंगावर तोच होता.

दोन्ही खांद्यांना करकचून चिमटे बसले. पाय फरशीवरून उचलले गेले. कठडा खाली राहिला.

"वारा सुटलाय मॅडम," मॅनेजर म्हणाला. "एक चिमटा निसटला बघा."