हादरे

तोराजाच्या डोंगरात मेलेल्या माणसाला पितरांच्या गावी रेडाच पोचवतो, म्हणून म्हातारी लेबांग गेल्यावर तिच्या मयताला कापायचा बांडा रेडा तिचा लेक सुलो जिवापाड सांभाळत होता.

लेबांगच्या पोटात महिनाभर कळा येत होत्या. "आई, रस्ता खचलाय. जीपच्या हादऱ्यांनी हाडं खिळखिळी होतील तुझी. पाऊस उघडला की नेतो खाली दवाखान्यात," सुलो म्हणायचा.

आज रेड्याने चाऱ्याला तोंड लावलं नाही. त्याला खाली गुरांच्या डॉक्टरकडे न्यायला दुपारी भर पावसात ट्रक आला. सुलोने हौद्यात जाड पेंढा अंथरून रेडा चढवला. "सावकाश चालव हां, हादरे बसायला नकोत त्याला," त्याने ड्रायव्हरला बजावलं.

लेबांग भिंत धरत खांबांवरच्या घराच्या शिडीपर्यंत आली.



"सुलो, मागे थोडी जागा उरली असेल तर मलाही ने की."