बाईंना न जमलेला पूल

मी चाळीस वर्षं पूल बांधले. मला पाहिलं की नदीसुद्धा अंग चोरून वाहायची. खोटं वाटत असेल तर नदीला विचारा. पण नातीच्या तोंडी सदा एकच, "आमच्या बाई म्हणतात, आधी अडचण ओळखा, उपाय करून बघा, फसला तर सुधारा." माझा नुसता जळफळाट व्हायचा.

प्रदर्शनासाठी बाईंनी मुलांना घरातली एक अडचण शोधून ती सोडवायला सांगितली. मी लगेच बाह्या सरसावल्या. तेव्हा नात लाडात येऊन म्हणाली, "अडचणीचं मी बघते हो आजोबा. तुम्ही तेवढा माणूस उभा राहील असा कागदाचा पूल करा ना. आमच्या बाईंनाही जमला नाही!"

मग काय! तीन दिवस मी टेबलावरून उठलो नाही. चौथ्या दिवशी पूल काखेत मारून, बाईंची जिरवायची म्हणून थेट शाळा गाठली. नातीच्या टेबलावर नुसता एक तक्ता होता.

"अडचण: आजोबा माझं काम मला करू देत नाहीत. पहिला उपाय: टीव्ही लावून दिला, अर्ध्या तासात फसला. सुधारलेला उपाय: बाईंना जमलं नाही म्हणून सांगितलं, तीन दिवस फिरकले नाहीत."