एका कान्याचा फरक

परीक्षेसाठी नाव पुकारलं, तशा मावशी रांगेतून हळूच मागे सरकल्या आणि भिंतीशी जाऊन बसल्या.

"या वेळीही नाही?" ज्युदोचे सर कमरेवर हात ठेवून उभे राहिले. त्यांच्या क्लासमध्ये पांढऱ्या पट्ट्यावर कुणी फार रेंगाळत नसे. पांढरा म्हणजे नवशिका, तो नुसता पडायला शिकतो. मग पिवळा, केशरी, हिरवा. मावशींच्या मागून आलेली चिल्लीपिल्ली हिरव्यापर्यंत पोचली होती. मावशी पट्टा ब्लीच करतात, अशी त्यांची थट्टा चाले. त्यावर मावशीच सगळ्यांच्या आधी हसत.

बरं, जमत नाही म्हणावं तर तसंही नाही. साठी उलटलेली ही किरकोळ बाई मागे, पुढे, कुशीवर अशी काही पडे, की सर नव्या पोरांना तिच्याकडे बोट दाखवत.

"पिवळ्यासाठी एकालाच पाडायचंय हो, मावशी. घाबरता कशाला?"

"मला पाडायला नको, सर. पडायलाच शिकवा. अंगावर दुसरं माणूस असताना कसं पडायचं, ते अजून नीट येत नाही."

सरांची नजर त्यांच्या दंडावरच्या काळ्यानिळ्या डागावर गेली. तो क्लासमधला नव्हता. ते मावशींजवळ उकिडवे बसले.

"घरी कुणी हात उगारतं का?"

मावशी खुदकन हसल्या. "अहो, उगारायला तो उचलला तर पाहिजे! ह्यांना झटका आल्यापासून उजवी बाजू गेलीय. बाथरूममध्ये नेताना तोल जातो. एवढा आडदांड माणूस, पण मला हात सोडवत नाही. मग मीच पटकन खाली होते. ह्यांना नाही लागत."

सर ओशाळले. इतके दिवस शिकवलं, पण हिला नेमकं काय हवंय ते कधी विचारलंच नाही. त्यांनी मावशींना उभं केलं आणि आपली बाही त्यांच्या मुठीत दिली.

"फरक एका कान्याचाच आहे, मावशी. पाडा मला. मात्र मी टेकेपर्यंत बाही सोडायची नाही, वर ओढून धरायची. पिवळ्याला मार्क त्याचेच असतात."

मावशींनी पाय अडकवला. सरांचा भलामोठा देह कलला, बाहीला तोलला गेला आणि मॅटवर अलगद टेकला.

"लागलं का हो?"

"अजिबात नाही."

मावशींनी मुठीतल्या बाहीकडे पाहिलं.

"मग आणखी एकदा पडा ना, सर," त्या म्हणाल्या. "दुपारी ह्यांची अंघोळ आहे."