भिंतीला धरून जाणारी हवा

खिडक्यांना गोणपाट लावून तेजश्रीनं वर्गात अंधार केला आणि पुन्हा एकदा पंखा लावला. कुलरचा जुना पंखा, त्याच्या पुढं पुठ्ठ्याचं नळकांडं, नळकांड्याच्या टोकाला एक बारीक फट. फटीतून सुटलेली हवा काळ्या रंगवलेल्या फळीला चिकटून पळायची. ती डोळ्यांना दिसावी म्हणून उदबत्त्यांचा धूर, आणि धुरावर विजेरीच्या उजेडाची पट्टी.

हवा भिंतीला धरून जाते आणि पुढं तिच्या गुंडाळ्या होतात, असं राधाकिशन गुरुजींनी शिकवलं होतं. पण सकाळपासून धूर सरळच जात होता, ताणलेल्या दोऱ्यासारखा. विज्ञान प्रदर्शनाला अजून अवकाश आहे, घाई कशाला, असं गुरुजी म्हणत होते. तेजश्रीला घाई होती. तिचे आईवडील आजच ऊसतोडीला निघणार होते, ते उन्हाळा लागल्यावरच परतणार.

तिची आई सुनिता आली ती कोयत्यांची आणि ट्रॅक्टरची पूजा उरकूनच. जळत्या उदबत्त्या दिसताच तिनं हात जोडले, आणि कुणी काही बोलायच्या आत फळीवर, फटीच्या जवळ, ओल्या कुंकवाचा ठसठशीत टिळा लावला. वर मुठीतले तांदूळ दाबले.

"आई, फळी गुळगुळीत पायजे गं," तेजश्री रडकुंडीला आली.

"नवं मशिन हाय. तसंच कसं सोडायचं?"

तेजश्रीनं पुसायला ओढणी पुढं केली. गुरुजींनी तिचा हात धरला.

"राहू दे. आधी बघू तरी, काय होतंय."

पंखा लागला. धूर फळीला धरून निघाला, तांदळांना अडखळला आणि पुढं त्याच्या गुंडाळ्या सुटल्या. एकीच्या मागं एक, फळीवरून लोळत, लोळता लोळता मोठ्या होत.

"माझ्यानं बिघडलं का गं?" सुनितानं हळूच विचारलं.

तेजश्रीनं नाही म्हणून मान हलवली. मग ती बोट दाखवत सांगू लागली. फळीजवळची हवा घासत, हळू जाते, वरची पुढं पळते, मध्ये तांदळाचा अडथळा आला की ती अशी गुंडाळत जाते. ऐकता ऐकता सुनिता फरशीवर मांडी घालून बसली. बाहेर ट्रॅक्टरचा हॉर्न वाजला. थोड्या वेळानं पुन्हा वाजला, लांबलचक.

धाडकन दार उघडलं. उजेड आत आला, वारा आला, आणि फळीवरचं सगळं पुसून गेलं. दारात तेजश्रीचा बाप लखन होता. मुकादम शिव्या घालतोय, बाकीच्या बाया कवाच बसल्या, तुझ्यापायी सगळी टोळी खोळंबली, असं तो एका दमात बोलून गेला. एरवी मुकादमाचं नाव काढलं की सुनिता हातातला घास ठेवून उठायची.

आज तिनं मान वळवली नाही.

"आत या न्हाईतर भायेर ऱ्हावा," ती म्हणाली, "पण दार लावा. दिसंना मला."

 लखन आत आला आणि त्यानं दार लावून घेतलं.