थांब रे आनंदा

"ही ओळ काढायची म्हणतायत, आजी," असं म्हणून अपेक्षा गंगुबाईंसमोर फतकल मारून बसली.

गंगुबाई ताटात कुळीथ निवडत होत्या. "कुठली ओळ?"

"कुठली काय, तीच. थांब रे आनंदा."

गंगुबाईंचा हात ताटातच राहिला.

अपेक्षा दोन मजले खाली राहायची. गाणं शिकलेली पोर. गंगुबाईंचं जुनं गाणं एका कंपनीने नव्याने करायला घेतलं होतं, आणि गायला अपेक्षाला बोलावलं होतं. उद्या सकाळी रेकॉर्डिंग. मूळ गाणं गंगुबाईंनी त्र्याहत्तर साली गायलं, तेव्हा त्या एकवीस वर्षांच्या होत्या. तबकडीच्या मागच्या बाजूला टाकायचं, भरतीचं गाणं. पुढच्या बाजूला काय होतं ते आता कुणाला आठवतही नाही.

"काढतायत का पण?"

"संगीत करणारे अजितसर म्हणतात, ओळ मीटरमध्ये बसत नाही. आणि कवीच्या मुलाने वही दाखवली, तर वहीत ती नाहीच. तरी तुला विचारून यायला सांगितलंय. तू नको म्हणालीस तर ठेवतील."

बावन्न वर्षांत त्या ओळीला कुणी हात लावला नव्हता. ऑर्केस्ट्रातल्या एका गायकाने पुरुषाच्या तोंडी शोभावं म्हणून 'थांब गं आनंदी' केलं होतं, तेवढंच. बेंजोवाल्यांकडे शब्द नसतात, पण गणपती निघाला की त्या जागेवर ते वाजवायचं थांबवत आणि सगळी गल्ली ती ओळ ओरडायची. रिमिक्समध्ये ती सात वेळा होती. एकदा टीव्हीवर एका प्राध्यापकांनी समजावून सांगितलं, सुख क्षणाचं असतं, त्या सुखालाच कवीने घातलेली ही साद आहे. गंगुबाईंनी तेव्हा उठून आवाज बारीक केला होता.

"वहीत नसणारच," त्या म्हणाल्या. "ती मी घातली."

"तू? काय सांगतेस! सुचली कशी?"

"सुचली नाय गो. हाक मारली."

"हाक? कुणाला?" अपेक्षाने विचारलं.

"आनंदा म्हणजे आनंद नव्हे. आनंदा. आमचा ढोलकीवाला."

"माणूस?"

"मग काय झाड? चारला संपायचं होतं रेकॉर्डिंग, पाच वाजत आले. त्याची परळहून सव्वापाचची एस्टी. एक कडवं राहिलं होतं. ह्याने ढोलकी खाली ठेवली, उठला, आणि मला हातानेच म्हणाला, निघतो. गाणं चालूच. माझ्या तोंडातून गेलं. सुरात गेलं म्हणून वाचले. काचेपलीकडच्या माणसाला वाटलं, गाण्यातलंच आहे. शेवटचं कडवं आम्ही नुसत्या टाळ्यांवर म्हटलं. भरतीचं गाणं, परत कोण घेतो?"

"म्हणून तिथे बीट जातो!" अपेक्षा जवळजवळ ओरडलीच. "सगळ्यांनी तसाच ठेवलाय, आजी. रिमिक्समध्ये, रीलमध्ये. लोक तिथे फ्रीज होतात. आम्हाला वाटायचं, काय आयडिया आहे!"

"आयडिया कसली. वाजवायला माणूसच नव्हता."

"पण एवढी घाई कसली त्याला?"

"गावाला लग्न होतं."

"कुणाचं?"

"त्याचंच."

अपेक्षा हळूच म्हणाली, "तात्याआजोबांना माहीत होतं?"

"आमचे हे? तुझे तात्या बेंजोपुढे त्याच ओळीवर हात वर करून नाचायचे. घामाघूम होऊन यायचे आणि मला म्हणायचे, गंगू, काय ओळ गायलीस!" गंगुबाईंना हसू आलं. ते ओठांच्या कडेला थोडंसं राहिलं आणि गेलं. "परत कधी भेट नाय झाली त्याची. आधी वाटायचं, कुठेतरी ऐकत असेल. आता तेवढंही वाटत नाय."

अपेक्षाने डोळे पुसले. "ओळ जाणार नाही. मी सांगते सरांना. काढणार असाल तर मी गात नाही म्हणून."

"मोठी आलीस सांगणारी. आधी ऐकव तरी, काय केलंय ते."

अपेक्षाने मोबाइलवर नमुना लावला. तात्पुरता तिचाच आवाज होता, आणि खाली खरी ढोलकी, कुणीतरी मन लावून वाजवलेली. गंगुबाई मान खाली घालून ऐकत होत्या. दुसरं कडवं संपत आलं तशी त्यांची मान वर झाली. श्वास भरला गेला, ओठ उघडले.

ढोलकी थांबली नाही.

तिने एक वळण घेतलं आणि ती सरळ शेवटच्या कडव्यात शिरली. ज्या शब्दांखाली बावन्न वर्षं नुसत्या टाळ्या होत्या, त्यांच्याखाली ती घुमत राहिली. घाई नाही, चुळबुळ नाही. शब्द संपले तरी ती आणखी दोन आवर्तनं वाजत होती.

गंगुबाईंचे ओठ तसेच उघडे राहिले होते. त्यांनी ते मिटले.

"परत लाव," त्या म्हणाल्या.

अपेक्षाने परत लावलं. मग त्यांनी तिसऱ्यांदा लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि शेवटचं कडवं बारीक आवाजात ढोलकीबरोबर म्हटलं.

"मग सांगू ना सरांना?" अपेक्षाने विचारलं. "ओळ राहू दे म्हणून?"

"नको."

"अगं, पण आजी..."

"ह्यात तो उठलाच नाय," गंगुबाई म्हणाल्या. "बसलेल्या माणसाला थांब कशाला म्हणायचं?"