बर्गन पाहा आपल्या पायांनी

गुन्वरने माहितीपत्रक नाकासमोर धरलं आणि ती मासळीबाजारात शिरली.

पर्यटन कचेरीत ते फुकट मिळतं. वर 'बर्गन पाहा आपल्या पायांनी' असं छापलेलं, आत नकाशा. गाइड नको, घाई नको. एकेका ठिकाणी थांबायचं, वाचायचं, मान वर करून बघायचं. लग्न होऊन याच गावात म्हाताऱ्या झालेल्या बाईला त्यात नवीन काहीच नव्हतं. पण हातात नकाशा असलेल्या माणसाकडे गावातलं कुणी बघत नाही, आणि तिला तेवढंच हवं होतं.

जहाज संध्याकाळी सुटणार होतं. पेटी कालच धक्क्यावरच्या सामानघरात जाऊन पडली होती. दूर उत्तरेला, ट्रोम्सोत, बहीण आस्लाउगने आपल्या लोकरीच्या दुकानावरची खोली तिच्यासाठी रंगवून ठेवली होती. याआधी दोनदा गुन्वरने येते म्हणून कळवलं होतं आणि ऐनवेळी पाय मागे घेतला होता. "या खेपेला आली नाहीस तर पुन्हा बोलावणार नाही," आस्लाउगने बजावलं होतं. ती बोलली की बोलली.

गुन्वरचा नवरा आर्नफिन तिला मारत नसे. मारणाऱ्याबद्दल निदान चारचौघांत सांगता तरी येतं. हा जेवताना नुसता चमचा खाली ठेवायचा आणि मग आठवडाभर बोलायचा नाही. जहाजावरची नोकरी संपल्यापासून तो दुर्बीण घेऊन खिडकीशी बसे. बंदरात काय आलं, काय गेलं, गुन्वर कुठल्या दुकानासमोर किती वेळ रेंगाळली, सगळं त्याला ठाऊक असे.

"अगं ए गुन्वर!" मासेवाली राग्ना ओरडलीच. "नकाशा कसला धरलायस? स्वतःच्या गावात हरवलीस की काय?"

"भाची यायचीय पुढच्या महिन्यात. तिला दाखवण्याआधी आपण बघून घ्यावं म्हटलं."

"त्यात बघायचंय काय? जुनी लाकडं, जुने दगड आणि वरून पाऊस. झाली तुझी सहल!" राग्नाने कॉड माशाचं डोकं उडवलं. "आणि आमचे झेंडेसाहेब काय म्हणतात?"

"बसलाय खिडकीत."

"त्या दिवशी सूर्य बुडाल्यावर आमच्याकडे झेंडा जरा जास्त वेळ राहिला, तर हा बाबा टेकडी उतरून आला सांगायला! माझा नवरा जेवत होता. घास घशातच अडकला त्याच्या."

गुन्वर हसली. हसण्यासारखंच होतं, ज्याला त्याच्याबरोबर घरी जायचं नाही त्याला.

सांडविकेनच्या चढावर त्यांचं घर, अंगणात झेंड्याची पांढरी काठी. ती अर्ध्या बंदरातून दिसे. झेंडा सकाळी आठला वर, सूर्यास्ताआधी खाली. घरात कुणी गेलं तर अर्ध्यावर, आणि त्याला माती दिली की पुन्हा टोकापर्यंत. हे नियम इथे सगळ्यांनाच माहीत असतात, पण आर्नफिनला ते देवाच्या दहा आज्ञांपेक्षा पक्के पाठ होते. बायकोशी तो खोटं बोलेल, झेंड्याशी नाही.

ब्रिगेनची लाकडी घरं झाली. मारियाचं चर्च झालं. दालचिनीचा पाव घेऊन ती पायरीवर बसली आणि कुणाला न विचारता सगळा खाल्ला. शेवटचं ठिकाण किल्ला, त्याच्याखालीच धक्का. जहाजाच्या धुराड्यातून धूर निघायला लागला होता.

दिवसभर तिने टेकडीकडे पाहिलं नव्हतं. आता तटावरून एकदाच पाहायचं आणि उतरायचं, असं तिने ठरवलं.

झेंडा अर्ध्यावर होता.

तिने डोळे पुसून पुन्हा पाहिलं. झेंडा अर्ध्यावरच होता. घरात माणसं दोनच, आणि त्यातलं एक इथे उभं होतं. सकाळी निघताना तिने त्याच्या हृदयाच्या गोळ्या काढून दिल्या नव्हत्या. "गोळ्या?" त्याने विचारलं होतं. "आहेत डबीत," ती म्हणाली होती, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. शेजारच्या मागनेने पाहिलं असणार, त्यानेच झेंडा उतरवला असणार.

कोपऱ्यावरच्या टेलिफोनमधून तिने घरी फोन लावला. तो वाजत राहिला. कुणी उचलला नाही.

पहिल्यांदा तिला हायसं वाटलं. मग त्याची लाज वाटली. डावीकडे धक्क्याच्या पायऱ्या होत्या, उजवीकडे घरचा रस्ता. आस्लाउगला उद्या कळवता येईल, ती समजून घेईल, घरात मेलेलं माणूस टाकून कुणी निघून जात नाही. ती उजवीकडे वळली.

अर्धा चढ झाला तेव्हा जहाजाचा भोंगा वाजला. तिने वळून पाहिलं नाही. धापा टाकत ती अंगणात आली. दार उघडं होतं. माशाच्या साराचा वास येत होता.

टेबलावर दोन ताटल्या मांडलेल्या होत्या. खिडकीशी आर्नफिन पाठमोरा बसला होता, डोळ्यांना दुर्बीण लावून.

"फोन तूच केलास ना?" तो म्हणाला. "बराच वेळ वाजत होता."

तिने दाराची चौकट धरली. "झेंडा कुणासाठी उतरवलास?"

"तुझ्यासाठी. काल तुझी पेटी धक्क्यावर गेलेली दिसली मला."

जहाज बेटाआड दिसेनासं होईपर्यंत तो बघत राहिला. मग दुर्बीण नीट पुसून त्याने खोक्यात ठेवली.

"जा, आता वर चढव, पार टोकापर्यंत," तो म्हणाला. "माती देऊन झाली."