पाचव्या ओळीवरचं नाव

सतराव्या खोक्यातही एलनचं नाव नव्हतं.

यशोधराने हातमोजे काढून हात चोळले. ऑपेरा हाऊसचा माळा मे महिन्यातही गारठलेला होता. नाव ऑपेरा हाऊस, पण सव्वाशे वर्षांत इथे ऑपेरा एकदाही झालेला नव्हता. ऑन्टॅरिओतल्या लहान गावांची ही जुनी हौस. खाली टाऊन हॉल, वर नाटकगृह, आणि नाव असं की टोरंटोवाल्यांनीही दचकावं. इथे येऊन गेले ते जादूगार, शब्दभ्रमकार, आणि घंटा वाजवून गाणी ऐकवणारं सात जणांचं एक कुटुंब. त्या सगळ्यांची नावं गोळा करायला यशोधरा दर शनिवारी रिचमंड हिलहून दीड तास गाडी चालवत येत होती.

२०१७ साल होतं. देशाला दीडशे वर्षं झाली म्हणून गावाने जुन्या कलाकारांच्या नावांचा पितळी फलक लावायचं ठरवलं होतं. कमिटीच्या सुझानचा नियम एकच होता. लेखी पुरावा नसेल तर नाव नाही.

यशोधराला खरं तर एकच नाव हवं होतं. एलन पिकार्ड, तिचे घरमालक जेम्स यांची आजी. १८९४च्या मार्चमध्ये, एकोणीस वर्षांची असताना, ती बापाला चोरून या स्टेजवर एक गाणं गायली होती. बाप थॉमस गावचा लोहार. त्याला कळलं आणि एलनचं गाणं तिथेच संपलं. जेम्स याच गावात वाढले; ते बारा वर्षांचे असताना आजीने स्वतः त्यांना हे सांगितलं होतं. पुढे ते गावात ज्याला त्याला सांगत राहिले, आणि लोक मान डोलावून हसत राहिले. आता जेम्स सत्त्याऐंशीचे होते आणि त्यांच्या हृदयाबद्दल डॉक्टर फार पुढचं बोलत नव्हते.

यशोधरा नागपूरहून आली ती पाच वर्षांपूर्वी, भर जानेवारीत. क्रेडिट हिस्ट्री नाही म्हणून तिला तीन घरांतून नकार मिळाला होता. जेम्सनी बेसमेंट दाखवलं आणि फक्त पूर्ण नाव विचारलं, टपालपेटीवर लिहायला. तिने सांगितलं, यशोधरा भीमराव गजभिये.

"भीमराव कोण?"

"माझे बाबा. आमच्यात वडिलांचं नाव मधे असतंच."

"नशीबवान माणूस," जेम्स म्हणाले. "मुलीबरोबर सगळीकडे फिरतो."

फावड्याने बर्फ शोव्हल करायला त्यांनी शिकवलं, विंटर टायर्स कधी बदलायचे तेही त्यांनीच सांगितलं. गाडी शिकवताना तिने त्यांच्याच गॅरेजचं दार चेपवलं, तर ते पोट धरून हसले. तिचे बाबा गेले तेव्हा बर्फाच्या वादळामुळे दोन दिवस विमानं बंद होती. जेम्स काठी टेकत बेसमेंटमध्ये उतरले आणि बाबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावून तासभर तिच्याशेजारी बसून राहिले. त्या एका तासासाठी यशोधरा जन्मभर त्यांची ऋणी होती. इतकं मिळालं आणि आपण या माणसाला काहीच दिलं नाही, याची टोचणी तिला सारखी लागलेली असायची.

अठराव्या खोक्यात मॅनेजरची एक वही निघाली. स्टेजवर जाण्याआधी प्रत्येक कलाकाराने स्वतःच्या हाताने तिच्यात नाव लिहायचं, अशी इथली पद्धत होती. वही कधीतरी भिजली होती. बरीच पानं एकमेकांना चिकटली होती. उघडली तेवढ्या पानांवर नावं होती, मधेमधे रिकाम्या ओळी होत्या. चिकटलेली पानं सोडवायला आठवडा लागेल, असं सांगून तिने ती घरी न्यायची परवानगी मागितली. एरवी इथले कागद बाहेर जात नसत, तरी सुझानने ती दिली. इतक्या शनिवारांनंतर सुझानचाही तिच्यावर जीव जडला होता.

त्या आठवड्यात आईशी फोनवर बोलतानाही तिने घाई केली. "आई, जेम्सकाकांचं काम आहे, उद्या कॉल करते," म्हणाली. गुरुवारी ग्रोसरी द्यायला ती वर गेली तेव्हा तिच्या अंगठ्याला तपकिरी शाई लागलेली जेम्सना दिसली. एटोबिकोत आमच्या लोकांचा कार्यक्रम आहे, त्याचं बॅनर रंगवतेय, असं तिने सांगितलं. तिथली बॅनरं दरवर्षी तिच्याच हातची असत, तिचं अक्षरच तसं सुरेख होतं. जेम्सनी मान हलवली आणि चहा टाकला.

शनिवारी तिने वही सुझानपुढे उघडून ठेवली. मार्च १८९४चं पान. पाचव्या ओळीवर नाव होतं. बारीक, उजवीकडे कललेलं, जरासं पुसट अक्षर. एलन थॉमस पिकार्ड.

सुझानने भिंग लावून ते दोनदा वाचलं. मग चष्मा काढून डोळे पुसले, आणि लहानपणी आपणही जेम्सच्या गोष्टीला हसलो होतो, हे कबूल केलं.

ऑक्टोबरमध्ये फलक लागला. जेम्स सूट घालून आले होते. गावातली म्हातारी मंडळी एकेक करून त्यांच्याशी हात मिळवून गेली. कोणी माफी मागितली, कोणी आजी कोणतं गाणं गायली ते विचारलं. जेम्सनी ते तिथेच गुणगुणून दाखवलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून यशोधराला भरून आलं. बाबा असते तर त्यांनाही हे आवडलं असतं, असं तिला वाटलं.

गर्दी पांगल्यावर दोघंच उरले. जेम्सनी पितळेवरून बोट फिरवलं. पहिला शब्द, दुसरा शब्द, तिसरा शब्द. मधल्या शब्दावर बोट परत आलं आणि थांबलं.

"थँक यू," ते म्हणाले. "माझ्यासाठी एवढं कोणीच केलं नव्हतं."

त्यांनी यशोधराचा हात हातात घेतला, अंगठा हळूच उलटून पाहिला आणि आवाज खाली आणला.

"फक्त एक सांगू का? बापाचं नाव मुलीच्या नावात घालायची पद्धत तुमच्यात आहे. आमच्यात नाही."